परदेशात पहिलं बाळ: गावाकडचे कागद आधी, झबली-टोपडी नंतर

जर्मनीत नोकरीला गेलेल्या आणि पहिल्या बाळाची चाहूल लागलेल्या आपल्याकडच्या पोरापोरींचे मला लातूरला फोन येतात. आम्ही नवरा-बायको तिकडे राहून, तिकडेच बाळंतपण निभावून परत आलोय, एवढीच माझी पात्रता. पहिला प्रश्न बहुतेक वेळा 'बाबागाडी कोणती घ्यावी' असा असतो. बाबागाडी तिथे चार दिवसांत घरपोच येते. आजोळच्या ग्रामपंचायतीतला तुमचा स्वतःचा जन्मदाखला, तोही नावासकट आणि पासपोर्टातल्या स्पेलिंगसकट, चार दिवसांत येत नाही. म्हणून खालचा क्रम मुद्दाम उलटा वाटेल असा आहे: ज्याला जास्त वेळ लागतो ते आधी.

सगळे नियम जर्मनीचे सांगतेय. दुसऱ्या देशात असाल तर भत्ते, रजा, नागरिकत्व यांचं गणित निराळं. पण गावाकडचे कागद, आईचा व्हिसा आणि बाळंतिणीच्या खाण्यापिण्याची धांदल कुठेही गेलात तरी तीच.

१. बाळंतपण तिथे की माहेरी, हे आधी ठरवा

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. आई फोनवर म्हणणारच, "ये की इकडं, तिथं कोण हाय तुला?" तिचं चूक नाही. पण हो म्हणायच्या आधी एवढं बघा.

बाळ लातूरला किंवा नांदेडला जन्मलं, तर त्याच्याकडे जर्मनीत राहायचा परवाना नसतो. आधी इथला जन्मदाखला, मग पासपोर्ट, मग जर्मनीचा दीर्घ मुदतीचा व्हिसा, असं एकामागून एक करावं लागतं आणि त्यात महिने जातात. तोवर बाप तिकडे, बाळ-बाळंतीण इकडे. तुमचा स्वतःचा परवानाही बघा: साध्या परवान्यावर सहा महिन्यांहून जास्त जर्मनीबाहेर राहिलात तर तो आपोआप संपतो. ब्लू कार्डाला, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या परवान्याला, बारा महिन्यांची सवलत आहे. विमान कंपन्या साधारण २८ आठवड्यांनंतर डॉक्टरचं पत्र मागतात आणि ३६ आठवड्यांनंतर बहुतेक कंपन्या घेतच नाहीत.

नवरा सतत फिरतीवर असेल, किंवा तिथे अजून कुणाची ओळखपाळख झाली नसेल, तर माहेरी येणं शहाणपणाचं आहे. एरवी माझं मत: तिथेच राहा आणि आईला बोलवा.

२. दोघांचे जन्मदाखले गावाकडून मागवा

हे काम गरोदरपण कळलं त्याच आठवड्यात सुरू करा. जर्मनीत बाळाच्या जन्माची नोंद श्टांडेसआम्टमध्ये होते, आणि ते कार्यालय आई-बाप दोघांचे जन्मदाखले आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र मागतं. दहावीची सनद, टीसी, आधार यातलं काही जन्मदाखल्याच्या जागी चालत नाही.

आपल्या पिढीतल्या बहुतेकांचा जन्म आजोळी झालेला. नोंद असते ती जन्म झाला त्या गावात, वडिलांच्या गावात नाही. म्हणजे घर परभणीचं असलं तरी दाखला औशाच्या किंवा गेवराईच्या बाजूच्या एखाद्या ग्रामपंचायतीत. मामाला कामाला लावा. मामाकडे तुमचं अधिकारपत्र आणि पासपोर्टची प्रत पाठवून द्या.

दाखला हातात आला की फोटो मागवा आणि या गोष्टी तपासा:

- नावाचा रकाना कोरा आहे का? तेव्हा बारशाआधीच नोंद व्हायची, त्यामुळे 'पुरुष' किंवा 'स्त्री' एवढंच लिहिलेलं असतं. नाव मागाहून घालून मिळतं. मूळ मुदत जन्मापासून १५ वर्षांची. त्याहून मोठ्यांसाठी सरकारने वेळोवेळी मुदत वाढवली आहे. सध्या मुदत चालू आहे का, हे विचारून मगच कुणाला तरी हेलपाटा घालायला लावा.
- दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हीत आहे का? नुसता मराठी दाखला गेला तर जर्मनीतले काही अनुवादक प्रमाणित लिप्यंतर करतात. त्यात शिंदे, कुलकर्णी, वाघमारे ही नावं अक्षरांवर-खाली टिंबं-रेघा देऊन लिहिली जातात आणि पासपोर्टाशी जुळत नाहीत. इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टाप्रमाणेच घालून घ्या.
- वडिलांचं नाव एका जागी 'दिगंबर', दुसऱ्या जागी 'दिगंबरराव' आहे का? आईचं नाव 'शकुंतला' की 'शकुंतलाबाई'? आपल्याकडे राव-बाई कुणी मोजत नाही. जर्मन कारकून मोजतो.

नोंदच सापडली नाही तर प्रकरण मोठं आहे. जन्माला वर्षाहून जास्त काळ झाला असेल तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही आणि अशा उशिराच्या नोंदी अलीकडे महाराष्ट्रात फार बारकाईने तपासल्या जातात. 'दोन दिवसांत करून देतो' म्हणणारा भेटला तर फोन ठेवून द्या.

आता खास आपल्या भागाची अडचण. माझ्या नवऱ्याचा जन्म वसमतचा. जन्मला तेव्हा वसमत परभणी जिल्ह्यात होतं. हिंगोली जिल्हा वेगळा झाला १९९९ साली. पासपोर्टावर जन्मस्थळ 'वसमत, परभणी', नवीन काढलेल्या दाखल्यावर 'जिल्हा हिंगोली'. खिडकीपलीकडच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा वर केला आणि विचारलं, यातलं खरं गाव कोणतं? जालना १९८१ साली आणि लातूर १९८२ साली वेगळे झाले, पण त्याआधीचे जन्मलेले आता आजी-आजोबांच्या वाटेला लागलेत. तुमच्या वयाच्यांना त्रास होणार तो २०२३ च्या नामांतराचा. पासपोर्टात औरंगाबाद आणि दाखल्यात छत्रपती संभाजीनगर, किंवा उस्मानाबाद आणि धाराशिव, म्हणजे त्यांच्या लेखी दोन वेगळी शहरं. शासनाच्या अधिसूचनेची प्रत मिळवा, दाखल्यासोबत तिचाही अनुवाद करून घ्या आणि अनुवादकाला तळटीप टाकायला सांगा. आमचं काम अशाच एका तळटिपेवर झालं.

अपोस्टिलचा, म्हणजे कागद खरा असल्याच्या सरकारी शिक्क्याचा, घोटाळा वेगळाच. एजंट सांगतात, परदेश आहे म्हणजे अपोस्टिल लागणारच. भारताने दिलेलं अपोस्टिल जर्मनी मान्य करत नाही. श्टांडेसआम्टला खात्री पटली नाही तर ते जर्मन वकिलातीमार्फत भारतात कागदांची पडताळणी करायला लावतात. त्याला वेगळे पैसे आणि कित्येक महिने लागतात. म्हणून आधी तुमच्या गावच्या श्टांडेसआम्टला ईमेल टाका: आम्ही दोघं भारतीय, बाळ अमुक महिन्यात, कोणते कागद लागतील? उत्तर लेखी ठेवा. एका गावात चाललेला कागद शेजारच्या गावात चालेलच असं नाही.

अनुवाद जर्मनीत शपथ घेतलेल्या अनुवादकाकडूनच करून घ्या. लातूरच्या नोटरीचा शिक्का कितीही गोल असला तरी तिथे त्याला विचारत नाहीत.

३. हेबामे शोधा

हेबामे म्हणजे प्रशिक्षित सुईण, पण आपल्या कल्पनेतली नव्हे. ती बाळंतपणानंतर घरी येते: पहिले दहा दिवस गरजेप्रमाणे रोज, पुढे बाळ बारा आठवड्यांचं होईपर्यंत अधूनमधून. बाळाचं वजन, नाळ, तुमचे टाके, दूध येतंय की नाही, सगळं बघते. सरकारी विमा असेल तर खर्च विमा कंपनी करते. आई-सासू जवळ नसलेल्या बाळंतिणीसाठी याहून मोठा आधार तिथे नाही.

अडचण एकच, हेबामे कमी आहेत. तिसरा महिना लागायच्या आत फोन करायला लागा. मोठ्या शहरात पाचव्या महिन्यात शोधायला निघालात तर 'जागा नाही' हेच उत्तर ऐकायला मिळेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा नाताळात तारीख असेल तर आणखी लवकर.

स्त्रीरोगतज्ज्ञ तुम्हाला मुटरपास नावाची पुस्तिका देतात. ती कायम पर्समध्ये ठेवायची. नेहमीच्या तपासणीत सोनोग्राफी तीनच वेळा असते. आपल्याकडे दर महिन्याला करायची सवय असलेल्यांना हे कमी वाटतं. तब्येत ठीक असेल तर कमी नाही.

आणि हो, जर्मनीत बारा आठवडे उलटल्यावर डॉक्टर विचारल्यास मुलगा की मुलगी ते सांगतात. ते तिथे कायदेशीर आहे. मग गावाकडून फोन सुरू होतात: "काय सांगितलं डॉक्टरनं?" आम्ही कुणालाच सांगितलं नाही आणि तुम्हीही सांगू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या मराठवाड्यातल्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, तिथे हा प्रश्न नुसत्या कौतुकाचा नसतो.

दवाखाना निवडायला घाई नाही. बहुतेक ठिकाणी माहितीची संध्याकाळ असते, प्रसूतिकक्ष दाखवतात. नाव सातव्या-आठव्या महिन्यात घालतात, पण गर्दीच्या दवाखान्यात आधी विचारा. कण्हत असताना जर्मन भाषेतलं संमतीपत्र वाचणं शक्य नसतं, म्हणून पाठीतल्या भुलीचं पत्र आधीच मागून, समजून घेऊन, भरून ठेवा.

संध्याकाळी दवाखान्यात थंड जेवण असतं: पाव, चीज, काकडी. आई व्हिडिओ कॉलवर बघून म्हणाली, "अगं माय, बाळंतिणीला गार खाऊ घालायलेत का हे लोकं!" थर्मासात गरम पेज किंवा खिमटी न्यायला कुणी अडवत नाही. नवऱ्याला आधीच शिकवून ठेवा.

४. नोकरी, रजा आणि पैसे

इथे तारखा चुकल्या तर थेट पैसे जातात.

*करवर्ग.* पगारातून दरमहा किती कर कापायचा, ते या वर्गावर ठरतं. नवरा तीन, बायको पाच, अशी विभागणी बरेच जण करतात. आईला मिळणारा एल्टर्नगेल्ड, म्हणजे पालकभत्ता, तिच्या निव्वळ पगारावर ठरतो आणि वर्ग पाचमध्ये निव्वळ पगार कमी दिसतो. वर्ग बदलायचा असेल तर प्रसूतिरजा सुरू होण्याच्या महिन्याआधी निदान सात महिने नवीन वर्ग लागू असावा लागतो. म्हणजे बातमी कळल्या कळल्या अर्ज. नंतर काही करता येत नाही.

*मुटरशुत्स.* तारखेआधी सहा आठवडे आणि बाळंतपणानंतर आठ आठवडे रजा. बाळ वेळेआधी झालं किंवा जुळं असेल तर नंतरची बारा आठवडे. या काळात विमा कंपनी दिवसाला १३ युरोपर्यंत देते आणि नोकरी करणाऱ्या आईच्या पगारातला उरलेला फरक मालक भरतो. गरोदरपण कळवल्यावर, अपवाद सोडले तर, बाळंतपणानंतर चार महिन्यांपर्यंत नोकरीवरून काढता येत नाही. 'सांगितलं तर काढून टाकतील' ही भीती इकडून घेऊन गेलेली असते. ती तिथे सोडून द्या.

*एल्टर्नत्साइट* म्हणजे बाळासाठीची रजा. ती सुरू होण्याच्या सात आठवडे आधी मालकाला कळवायची. बापानेही घ्यायची. आमच्या वडिलांना हे पटायला वेळ लागला: "जावई घरी बसून काय करायलेत?" जावई लंगोट बदलत होते.

*एल्टर्नगेल्ड.* आधीच्या निव्वळ पगाराच्या साधारण ६५ ते ६७ टक्के, कमीत कमी ३०० आणि जास्तीत जास्त १८०० युरो महिना. नोकरी नसलेल्या आईलाही ३०० मिळतात. दोघांनी मिळून वाटून घेतले तर एकूण १४ महिने. एप्रिल २०२४ पासून पहिल्या वर्षात दोघांना एकाच वेळी एकच महिना हा भत्ता घेता येतो. जुळ्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना यातून सूट आहे. जुन्या सल्ल्यावर जाऊन 'पहिले दोन महिने दोघंही घरी' असं ठरवू नका. अर्ज उशिरा केला तर मागचे तीनच महिने मिळतात.

*किंडरगेल्ड* म्हणजे मुलासाठीचा भत्ता. २०२६ पासून महिन्याला २५९ युरो. बाळाचा करक्रमांक पोस्टाने येतो, तो अर्जात भरायचा. मागचे सहाच महिने मिळतात.

हे दोन्ही भत्ते तुमच्या परवान्याच्या प्रकारावर अवलंबून आहेत. ब्लू कार्डवाल्यांना अडचण नसते. विद्यार्थी-परवान्यावर असाल तर हे पैसे धरून हिशेब मांडू नका.

पाळणाघरासाठी नाव गरोदरपणातच घाला. वर्षाच्या बाळाला जागेचा कायदेशीर हक्क आहे, पण हक्क असणं आणि घराजवळ जागा मिळणं यात बरंच अंतर आहे.

५. आईचा व्हिसा

शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपच्या अल्पमुदतीच्या व्हिसावर, १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. आई आणि सासू दोघी येणार असतील तर एकत्र बोलवू नका. एकीमागून एक बोलवली तर पाच-सहा महिने घरात कुणीतरी राहतं, आणि दोन स्वयंपाकघरं एका ओट्यावर भांडत नाहीत. पहिली कोण, हे मी सांगणार नाही.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो. मे-जूनची गर्दी धरून चाला. लागणारे कागद:

- पासपोर्ट. नसेल तर आता जिल्ह्याच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रावर काम होतं. आधार, पॅन आणि बँक पासबुकावर आईचं नाव एकसारखं आहे का ते आधी बघा. 'बाई' इथेही आडवी येते.
- तुमचं निमंत्रण आणि हमीपत्र. हे हमीपत्र परदेशी नागरिक कार्यालयात, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेत मिळतं, शुल्क २९ युरो. ते सहा महिन्यांत वापरावं लागतं, म्हणून फार लवकरही काढू नका.
- ३० हजार युरोंचं संरक्षण असलेला प्रवास विमा. बीपी-शुगर असेल तर आधीपासूनच्या आजाराबद्दलचं कलम वाचा.
- गरोदरपणाच्या डॉक्टरच्या पत्राची प्रत, तारखेसह.
- आई परत येणार, याचा पुरावा.

शेवटच्या ओळीवर आपल्याकडचे अडकतात. वडील शेतकरी, आयटी रिटर्न कधी भरलेलं नाही, कारण शेतीच्या उत्पन्नावर करच नाही. मग काय दाखवायचं? डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि आठ-अ, इंग्रजी अनुवाद करून. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट. सोयाबीन किंवा कापूस विकल्याची बाजार समितीची पट्टी असेल तर तीही, म्हणजे दिवाळीच्या आसपास खात्यात एकदम आलेली रक्कम कुठून आली ते कळतं. अर्जाच्या आदल्या आठवड्यात कुणाकडून तरी उसने घेऊन खात्यात लाखभर टाकू नका. तपासणाऱ्याला पहिलं तेच दिसतं.

बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. लातूर एक्स्प्रेसने किंवा देवगिरीने रात्रीचा प्रवास करून थेट खिडकीशी उभं राहायला लावण्यापेक्षा आदल्या दिवशी मुंबईत पोचवा. वयस्क माणूस थकला की साध्या प्रश्नाचं उत्तरही घाबरून देतो. 'कशाला चाललात?' याचं खरं उत्तर, 'लेकीचं बाळंतपण आहे', हेच द्यायला सांगा. फिरायला जातोय असं सांगा, असा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका.

६. बॅगेत काय आणायचं, काय नाही

लातूर-नांदेडची माणसं बहुतेक हैदराबादहून उडतात आणि मधे आखातात विमान बदलतात. डिंकाच्या लाडवात खसखस असते. दुबईत खसखस अंमली पदार्थात मोडते. खसखस घालूच नका. लाडू त्यावाचून अडत नाहीत.

दूध आणि दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात आणायला बंदी आहे. घरचं तूप त्यात आलं, खवा आला, पेढे आले. किलोभर साजूक तूप विमानतळावर टाकून देताना बघणं फार जिवावर येतं. ताजी पानं-भाज्याही नको, म्हणजे विड्याची पानं आणि कढीपत्ता राहिला.

मग सोपा उपाय: लाडू आणू नका, लाडवांचं सामान आणा. डिंक, खारकेची पूड, सुकं खोबरं, सुंठ, अळीव, मेथ्या, बाळंतशेपा, ओवा, सगळं कोरडं आणि पाकिटांवर नावं लिहून. तूप तिथे कुठल्याही दुकानात बुटरश्माल्त्स म्हणून मिळतं. लाडू झकास होतात. अळीव बागेच्या दुकानात बियाणं म्हणून दिसतं, ते खायचं नाही, त्याला औषध लावलेलं असू शकतं. ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं, पण जुनं असतं आणि भाकरी थापताना चिरते. आईने बॅगेत पहिलं ज्वारीचं पीठ भरलं होतं, कपडे नंतर. बरोबर केलं.

७. नाव आणि बारसं

जन्माची नोंद दवाखान्यामार्फत आठवड्याच्या आत होते आणि त्या फॉर्मवर नावाचा रकाना असतो. आपलं बारसं बाराव्या दिवशी. जन्माक्षर काढायचं असतं, आत्या नाव ठेवणार असते. दवाखान्यातली बाई मात्र तिसऱ्या दिवशी पेन घेऊन उभी असते. घाबरून भलतंच नाव लिहू नका. नाव नंतर कळवू, असं सांगता येतं. कायद्याने महिनाभराची मुदत आहे. दाखला तेवढा उशिरा मिळतो आणि त्यामागे पुढचे अर्जही. आम्ही कागदावरचं नाव आधी पक्कं केलं आणि बारशाला आत्याने तेच कानात सांगितलं. जन्मनाव पत्रिकेपुरतं वेगळं राहिलं.

मधलं नाव म्हणून वडिलांचं नाव घालायची आपली पद्धत. मुलीच्या नावापुढे पुरुषाचं नाव बघून तिथले कारकून अडतात. नको असेल तर नकोच. हवं असेल तर भारतीय नामपद्धतीप्रमाणे हवं, असं सुरुवातीच्या ईमेलमध्येच विचारून घ्या. जर्मन दाखल्यावर जे येईल तेच भारतीय पासपोर्टावर येतं.

८. बाळ झाल्यावरचे कागद, याच क्रमाने

एक, जन्मदाखल्याच्या प्रती. भत्त्यांसाठी आणि विम्यासाठीच्या प्रती फुकट मिळतात. त्याशिवाय बहुभाषिक आंतरराष्ट्रीय दाखल्याच्या दोन प्रती विकत घ्या. भारतीय कामांना तोच सोयीचा. तुमच्या कागदांबद्दल शंका काढून दाखला अडवला तर नोंदवहीचा प्रमाणित उतारा मागा. त्यावर पुढची कामं चालू राहतात.

दोन, विमा. सरकारी विम्यात बाळ पालकाबरोबर फुकट येतं, फक्त कळवायचं. खासगी विमा असेल तर दोन महिन्यांच्या आत नाव घाला. त्या मुदतीत तब्येतीची चौकशी न करता घ्यावंच लागतं.

तीन, एल्टर्नगेल्ड आणि किंडरगेल्डचे अर्ज.

चार, नागरिकत्व. आई-बापांपैकी एकजण पाच वर्षं कायदेशीर राहत असेल आणि त्याच्याकडे कायमचा परवाना असेल तर बाळ जन्मतःच जर्मन होतं. जर्मन पासपोर्ट काढलात तर भारतीय पासपोर्ट मिळत नाही, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांसाठीचं कार्ड, काढायचं. बाकीच्यांचं बाळ भारतीय. पण आपोआप नाही. जन्माची नोंद भारतीय दूतावासात वर्षाच्या आत करावी लागते. बहुतेक जण ती पासपोर्टाच्या अर्जासोबतच करतात.

पासपोर्टचा फोटो हे एक दिव्य आहे. पांढरी चादर, त्यावर बाळ उताणं, वरून फोटो, डोळे उघडे, चादरीला सुरकुती नको, कुणाचा हात दिसायला नको. बाळ नुकतं झोपून उठलेलं असताना खिडकीजवळ काढा. सहीच्या जागी अंगठा: मुलाचा डावा, मुलीचा उजवा. मूठ उघडत नाही. बाळ गाढ झोपल्यावर काम होतं. तुमच्या पासपोर्टात जोडीदाराचं नाव नसेल तर विवाह प्रमाणपत्राची प्रत लावा.

पाच, बाळाचा राहण्याचा परवाना. अर्ज जन्मापासून सहा महिन्यांच्या आत. त्याला पासपोर्ट लागतो, म्हणून चौथं काम लांबवलं तर पाचवं अडकतं. दूतावासाला उशीर झाला तरी सहा महिने उलटायच्या आत अर्ज टाकून ठेवा आणि 'पासपोर्ट मागून देतो' असं लिहा.

९. शेक, धुरी, आंघोळ, गुटी

इथे आजी आणि हेबामे समोरासमोर येतात आणि दुभाष्या तुम्ही असता.

धुरी नाही. जर्मनीत झोपायच्या खोलीत धूर ओळखणारं यंत्र असतंच. निखाऱ्यावर ओवा-शेपा पडला की पुढच्या मिनिटाला अख्खी इमारत जिन्यात. बाजेखाली शेगडी तर अजिबातच नको, बंद खिडक्यांच्या घरात ती जिवावर बेतू शकते. शेकायला तिथे चेरीच्या बियांची छोटी उशी मिळते. गरम करून पाठीला-पोटाला लावायची. आईला ती इतकी आवडली की येताना दोन घेऊन आली.

आंघोळ. पाय पसरून, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं तर पाणी जायला मोरी हवी. बऱ्याच जर्मन न्हाणीघरांत जमिनीला पाणी जायची वाटच नसते. खाली राहणाऱ्याच्या छताला ओल जाते आणि पत्र येतं. आजीला टबमध्ये बसवा. तळाला रबरी चटई, पाठीला उशी, बाहेर धरायला माणूस. आमच्या सासूबाई त्या टबात नऊवारी खोचून बसल्या आणि हेबामेने हात जोडून त्यांची पद्धत बघितली. मालिशीला तिची हरकत नव्हती. नाका-कानात तेल घालायला होती, आणि ती बरोबर होती.

गुटी आणि मध. वर्षाच्या आत मध द्यायचा नाही, त्यातून बाळाला घातक विषबाधा होऊ शकते. यावर तडजोड नको. काजळही नको. मोहरीची उशी आणि गोधडी झोपताना नको. बाळ उताणं, मोकळ्या पाळण्यात, अंगात झोपायची पिशवी. हे सगळं सुनेने सांगण्यापेक्षा हेबामेच्या तोंडून आलेलं बरं. तिला आदल्या दिवशी निरोप टाकून ठेवा, की उद्या हे विषय काढ.

मोडतं घ्यायचं तिथे घ्या. पाचवीची पूजा आम्ही केली. पाटा-वरवंटा नव्हता, दगडी खलबत्ता पुजला. सटवाईला चालला.

१०. गावी येताना

बाळाच्या डॉक्टरला भारताची तारीख आधी सांगा. जर्मनीत १९९८ पासून बीसीजी नेहमीच्या लसींत नाही; इथे येऊन राहणार असाल तर ती आणि गोवराची लस कधी घ्यायची ते विचारा. बाळाच्या तपासण्यांचं पिवळं पुस्तक सोबत ठेवा. एप्रिल-मेमध्ये येऊ नका. लातूर-परभणीच्या उन्हात तिथलं लेकरू तापतं. तुळजापूरला नेणं, जावळ, मामाच्या घरचं जेवण, हे सगळं दिवाळीनंतर जमतं.

विमानात पुढच्या भिंतीला लावायचा पाळणा मोजक्याच जागांवर असतो, म्हणून तिकिटासोबतच तो मागा. आणि तिकीट काढायच्या आधी बाळाचं परवान्याचं कार्ड हातात आलंय ना, ते बघा. भारतीय पासपोर्टवर बाळ इकडे येऊ शकतं. कार्डाशिवाय परत जाताना विमानात चढवतानाच अडवतात, आणि मग पहिल्या मुद्द्यातला व्हिसा काढत तुम्ही इकडे बसता.